३८ लॅप आणि एक समुद्र

सकाळी पावणेनऊला अंधेरीहून चर्चगेट लोकलमध्ये जी शिरू शकते, ती कुठेही शिरू शकते, असा माझा फंडा होता. समुद्रात तो टोटल फ्लॉप गेला. गेल्या वर्षी एका छोट्या ट्रायथलॉनमध्ये किनाऱ्यापासून जेमतेम दोनशे मीटरवर माझा श्वास अडकला. पायाखाली जमीन नाही, तळाला काळी रेघ नाही, धरायला कठडा नाही. सरळ बचाव पथकाच्या होडीला लटकले आणि परत आले. सायकल बिचारी स्टँडवर तशीच उभी!

आता नाव दिलंय गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला. २०१९ मध्ये मिरामारला सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे १.९ किलोमीटर पोहा, ९० किलोमीटर सायकल मारा आणि वर २१.१ किलोमीटर धावा. पोहायला ७० मिनिटं. त्यात नाही आलात, तर सायकलला हातही लावायचा नाही.

म्हणून आठवड्यातून तीनदा पहाटे अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. तिथल्या पन्नास मीटरच्या तलावात गोव्याचं अंतर भरतं ३८ लॅपमध्ये. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, ‘अगं, पाण्याशी भांडतेस कशाला? डोकं खाली घाल.’ मी श्वासासाठी मान वर काढायचे, की पाय बुडायचे आणि अंग तिरकं व्हायचं. पाणी हवेपेक्षा जवळजवळ आठशे पट दाट. त्यात तिरकं अंग रेटायचं म्हणजे कितीही ताकद लावा, वायाच. शिवाय मी पाण्यात श्वास सोडतच नव्हते, कोंडून धरत होते. समुद्रातली घाबरगुंडी तिथूनच आली होती. आता तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडते आणि मान वर न काढता फक्त बाजूला वळवते. एका लॅपला ५८ हात लागायचे, आता ४६. दर आठ हातांनी डोळे किंचित वर काढून समोरचं घड्याळ बघायचं, ही समुद्रात दिशा धरण्याची प्रॅक्टिस.

मग खांदा दुखायला लागला. दोष पोहण्याचा कमी, लॅपटॉपचा जास्त. दिवसभर वाकून बसलं की खांदे पुढे येतात आणि तेच खांदे आपण पाण्यात हजार वेळा फिरवतो. त्यामुळे आठवड्यातून दोनदा घरीच पंचवीस मिनिटं व्यायाम : खिडकीच्या ग्रिलला रबरी बँड बांधून मागे ओढणं, कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवणं, प्लँक, डंबेल रोइंग. जड वजनं नकोत. (शेजारच्या काकूंना वाटतं, मी ग्रिल उखडतेय.)

मिलिंद सोमणने २०१५ मध्ये ४९ व्या वर्षी झुरिकला फुल आयर्नमॅन पूर्ण केली, हे मला हमखास ऐकवलं जातं. अहो, पण तो पोहण्यातला राष्ट्रीय विजेता होता! मी तिशीच्या उंबरठ्यावर श्वास सोडायला शिकतेय.

गेल्या रविवारी ३८ लॅप न थांबता झाले, ६३ मिनिटांत. उरलेली सात मिनिटं समुद्रासाठी ठेवलीत. पुढच्या महिन्यात एकदा खाऱ्या पाण्यात उतरायचंय, सरांसोबत. आईला अजून सांगितलेलं नाही.