विश्लेषण : जंतुनाशक म्हणवणाऱ्या सुगंधी तेलाच्या बाटलीतच जिवाणू कसा सापडला?

अमेरिकेत २०२१ मध्ये चार राज्यांतील चौघांना मेलिऑयडोसिस हा उष्ण कटिबंधातला आजार झाला. दोघे दगावले, त्यांत एक लहान मूल होते. चौघांपैकी कोणीही परदेशी गेलेले नव्हते. अखेर एका रुग्णाच्या घरी लॅव्हेंडर-कॅमोमाइल तेलाचा रूम स्प्रे सापडला आणि त्यात रोगजंतूही. स्प्रे भारतात बनलेला होता. सुमारे ३,९०० बाटल्या परत मागवाव्या लागल्या.

सुगंधी तेल जंतू मारते, हे खोटे का?

खोटे नाही, अर्धवट आहे. हे तेल खोबरेलासारखे स्निग्ध नसते; वनस्पतीतून बहुधा वाफेच्या साह्याने काढलेले, उडून जाणाऱ्या अनेक रेणूंचे ते मिश्रण असते. ओव्यातला थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल हे त्यातले जोरकस रेणू, दोन्ही फिनॉल वर्गातले. ते जिवाणूच्या मेदयुक्त आवरणात घुसतात, आवरण गळके होते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि पेशी मरते. दंतवैद्य झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचे तात्पुरते सिमेंट दातात भरतात ते उगाच नाही. लॅव्हेंडरमधले लिनालूल मात्र या कामात बरेच दुबळे.

मग बाटलीतला जिवाणू का मेला नाही?

प्रश्न मात्रेचा आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूवर तेलाचा भरपूर मारा होतो. रूम स्प्रेत तेल वासापुरतेच, तेही पाण्यात नीट विरघळत नाही. शिवाय हा जिवाणू चिवट. त्याचे बाहेरचे जादा आवरण तेलाला अडवते आणि अनेक प्रतिजैविकांनाही तो दाद देत नाही. ‘अँटिबॅक्टेरिअल’ असे लेबलवर छापताना घटक कोणता आणि किती टक्के, हे सांगायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आपल्या घरांत काय?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरी तेलाची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होता. त्याला आधार नव्हता. नाक मोकळे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. धोका वेगळाच आहे : कापूर किंवा निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेले, तर थोड्या वेळातच झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.