लंपनची मराठी आणि आमची लाल शाई



गेल्या दिवाळीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. पुण्यात नोकरीला आहे. "सर, तिथं मी कमीच बोलते," म्हणाली. एकदा मैत्रिणीला सहज "काय करायलायस?" असे विचारले, तर सगळ्या हसल्या. "तू कानडी आहेस का?" म्हणाल्या. इकडे मात्र बसमध्ये, बँकेत तिने तोंड उघडले की ती मराठी ठरते. मग मी नेमकी कुठली, हा तिचा प्रश्न. मला लगेच उत्तर सुचले नाही.

परदेशी गेलेल्यांच्या कथा-कादंबऱ्यांत हाच प्रश्न असतो. झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक' (२००३) मधला गोगोल अमेरिकेत जन्मलेला बंगाली मुलगा. कॉलेजात जाताना नाव बदलून निखिल होतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून मला त्याआधी उषा प्रियंवदा यांची 'रुकोगी नहीं राधिका' (१९६७) आठवते. अमेरिकेहून परतलेली राधिका आपल्याच माणसांत परकी होते.

पण ही माणसे समुद्र ओलांडून गेली होती. आपण कुठे गेलो? आपले आजोबा त्याच घरात, त्याच तंबाखूच्या शेतात राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमावादाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्यावर इथे लिहीत नाही. मुलांचा प्रश्न रोजचा आहे.

त्या मुलीला मी 'वनवास' वाचायला दिले. इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचा लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. त्याची मराठी आपल्या भागातली, कानडीच्या शेजारात वाढलेली. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. २०२४ मध्ये त्यावर मालिकाही आली. धारवाडचे द. रा. बेंद्रे तर घरचे मराठी, आणि कन्नडचे थोर कवी. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांना कुणी 'नेमके कुठले' असे विचारले असेल का, कोण जाणे!

आणि आम्ही काय केले? कबूल करतो, निबंधात 'अक्का' दिसली की मी लाल शाईने 'ताई' करीत आलो. मुलाच्या घरात ताई नसतेच, अक्काच असते. दहावीच्या पेपरात प्रमाण मराठीच लिहायला हवी, यात शंका नाही, आणि ती आम्ही कसून शिकवू. कन्नडही नीट यायलाच हवी. पोटापाण्याची भाषा आहे ती. पण मुलाला आपल्या घरच्या बोलीची लाज वाटू लागली, तर तो पुढे तिन्हीपैकी कुठलीच भाषा मोकळेपणाने बोलणार नाही.

यंदाच्या हस्तलिखितात आठवी-नववीच्या मुलांनी घरातला एक प्रसंग लिहायचा आहे. संवाद घरी होतात तसेच ठेवायचे. आजीचे कानडी शब्दही येऊ द्यावेत. ते संवाद मी तपासणार नाही. पहिली प्रत पुण्याला पाठवायची आहे.