फोंडंटवरचं पेंटिंग किलोच्या भावात देऊ नका

पैठणी केकच्या व्हिडिओत मी मोर कसा काढायचा, वेल कशी वळवायची, ब्रश किती ओला ठेवायचा, सगळं दाखवलं. एक गोष्ट मागे ठेवली, कारण ती दोन मिनिटांत उरकण्यासारखी नव्हती. ती म्हणजे पैसे.

तुमच्याकडे ऑर्डर कशी येते बघा. "ताई, दीड किलोचा केक हवाय, पैठणीचा काठ आणि दोन मोर, हाताने रंगवलेले. किलोला काय घेता?" आणि आपण पटकन किलोचा भाव सांगून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, इथेच आपण फसतो. केकला वजन असतं, मोराला नसतं.

मेंदी काढणारी काय सांगते? एका हाताचे इतके, कोपरापर्यंत इतके. कोनात किती ग्रॅम मेंदी गेली ते कोणी विचारत नाही. ब्लाउजवर आरी वर्क करून घेता तेव्हा शिलाई वेगळी आणि वर्क वेगळं, हे तुम्हीही निमूट मान्य करता. मग केकवर सहा तास ब्रश चालवून आपणच का लाजतो?

मीही लाजायचे. बीबीएला कॉस्टिंग शिकून आले होते, तरीही. माझी पहिली पेंट केलेली ऑर्डर डोहाळेजेवणाची होती, दीड किलो. फोंडंट केकचा माझा भाव तेव्हा किलोला 1,400, म्हणून 2,100 सांगितले. आदल्या रात्री नऊला रंगवायला बसले ते तीनला उठले. जुलै महिना, डोंबिवलीची हवा, आणि आत व्हिप्ड क्रीम असल्यामुळे केक फ्रिजमध्ये ठेवण्यावाचून इलाज नव्हता. सकाळी बाहेर काढला तर अर्ध्या तासात फोंडंटवर घामासारखे थेंब. राणी रंग हिरव्यात उतरला आणि एका मोराची मान गेली. पुसायची सोय नाही, पुसलं की फोंडंट चिकट होऊन डाग पसरतो. शेवटी त्या बाजूला घाईघाईने फोंडंटची फुलं लावली. बाईंनी पैसे पूर्ण दिले, बोलल्या काहीच नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या रात्री वही काढली. सामान, बोर्ड, बॉक्स मिळून 940. उरले 1,160. बेकिंग, गनाश, फोंडंट चढवणं यात पाच तास आणि पेंटिंगचे सहा, म्हणजे अकरा तास. तासाला साधारण 105 रुपये, आणि त्यातून वीजबिल अजून वजा व्हायचं होतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली कामाची. मोर, चेहरा, वारलीतला तारपा नाच, जे काही बारीक काम आहे ते केकवर करायचंच नाही. फोंडंटमध्ये थोडी टायलोज पावडर मळा, चकती लाटा, दोन दिवस आधी रंगवा आणि एसीत किंवा पंख्याखाली वाळू द्या. चुकलं तर चकती गेली, केक नाही. केकवर थेट फक्त बाजूचा काठ, तोही आत गनाश असेल तरच. क्रीमच्या केकला पेंटिंगची ऑर्डर मी सरळ नाकारते. आणि दोन थरांमध्ये थांबा. खालचा रंग ओला असताना वरची रेघ मारली की सगळा चिखल होतो. तुम्ही म्हणाल थांबण्यात वेळ जातो. जातो ना, तोच तर भावात धरायचाय.

जेल कलर पाण्यात कालवू नका, पाण्याने फोंडंट विरघळतो. मी व्होडकाचे थेंब वापरते, ते लवकर उडतात. पण उडतात म्हणून ग्राहकाला सांगायचं नाही, असं नाही. मुंज, बारसं, डोहाळेजेवण, आधी विचारा. नको म्हणाले तर रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने लावा आणि वाळायला जास्त वेळ धरा. जरीच्या सोनेरी पावडरचंही तेच. डबीवर नुसतं 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं असेल तर ती खायची नाही, शोभेची आहे. 'एडिबल' लिहिलेलीच घ्या, महाग पडली तरी.

दुसरा बदल भावाचा. केकचा भाव किलोवर, पेंटिंगचा तासावर. तुमचे तास किती ते अंदाजाने ठरवू नका. एक चकती घ्या, मोबाईलवर टायमर लावा, एक मोर काढा. मला एका मोराला दीड तास लागतो आणि मी तासाचे 250 लावते. तुम्हाला तीन तास लागत असतील तर हात बसेपर्यंत तीनही तासांचे पैसे मागू नका, पण निदान दीडचे तरी मागा.

"आमच्याकडे एवढे कोणी देत नाही." हे मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. काही ठिकाणी खरंच देत नाहीत, ते मला मान्य आहे. मग काम कमी करा, तासाचा भाव नाही. दोन मोरांऐवजी एक. पूर्ण गोल काठाऐवजी फक्त समोरचा. ग्राहकाला 'नाही' ऐकायला आवडत नाही, पण दोन पर्याय दिले की ती स्वतःच हिशोब करते.

याच आठवड्यात एकीने विचारलं, दीड किलो, दोन मोर. मी दोन भाव पाठवले, एका मोराचा आणि दोन मोरांचा. दुपारभर उत्तर नाही. मलाही वाटलं, गेली ऑर्डर. रात्री मेसेज आला, "एकच काढा, पण पिसारा मोठा हवा." पिसाऱ्याचा अर्धा तास जास्त लावला, तो तिने दिला. शनिवारी द्यायचाय. चकती कालच रंगवून झाली, आत्ता पंख्याखाली वाळतेय.