खेळण्यांचे दुकान आणि भांडवलाचा खेळ

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एफ. ए. ओ. श्वार्ट्झ हे खेळण्यांचे जगप्रसिद्ध दुकान जुलै २०१५ मध्ये बंद झाले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉकफेलर प्लाझात पुन्हा उघडले. १९८८ सालच्या ‘बिग’ या चित्रपटातील, पायांनी वाजवावयाचा तो पियानो परत आला, दारात लाल गणवेशातले शिपाई उभे राहिले. वृत्तपत्रांनी ‘पुनर्जन्मा’ची वर्णने छापली. बालकांच्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. परंतु पुनर्जन्म नेमका कोणाचा झाला, एवढा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

१८६२ साली एका जर्मन स्थलांतरिताने स्थापन केलेली ही पेढी २००३ मध्ये दिवाळखोरीत निघाली, २००४ मध्ये नव्या मालकाकडून पुन्हा उघडली आणि २००९ मध्ये ‘टॉइज आर अस’ या प्रचंड कंपनीच्या हाती गेली. २०१५ मध्ये दुकान बंद करताना त्या जागेचा वाढता खर्च हे कारण सांगण्यात आले. म्हणजे दीडशे वर्षांच्या परंपरेला भुईभाड्याने जिंकले! पुढच्याच वर्षी मालकाने हे नाव दुसऱ्या कंपनीला विकून टाकले. दुकान गेले, नाव विकले गेले. नोकर मात्र कोणत्याच खरेदीखतात नव्हते.

आता त्या मोठ्या मालकाची कहाणी ऐका. २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या तीन वित्तसंस्थांनी ‘टॉइज आर अस’ सुमारे ६.६ अब्ज डॉलरांना विकत घेतली. त्यांतील ५ अब्जांहून अधिक रक्कम कर्जाची होती आणि ते कर्ज खरेदीदारांच्या नव्हे, तर विकत घेतलेल्या कंपनीच्याच शिरावर लादले गेले. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची उमर गेली, त्यालाही या व्यवहाराला ‘गुंतवणूक’ म्हणताना संकोच वाटतो. दुसऱ्याच्या घरावर कर्ज काढून तेच घर विकत घ्यावे, तसा हा प्रकार!

संगणकावरील व्यापाराने ही कंपनी बुडवली, असे भांडवलशाहीचे भाट सांगतात. त्या स्पर्धेची झळ लागलीच नाही, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु अखेरच्या काळातही कंपनीची वार्षिक विक्री ११ अब्ज डॉलरांहून अधिक होती. दरसाल ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कर्जापोटी जात असता दुकाने सुधारावयास पैसा उरणार कोठून? रोगाने मनुष्य आजारी पडला हे खरे. पण त्याचे रक्त आधीच शोषून घेतलेले होते.

सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. डिसेंबरात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या लक्षावधी डॉलरांच्या बोनसला न्यायालयाची मान्यता मिळाली. २०१८ मध्ये अमेरिकेतील दुकाने बंद पडली आणि सुमारे ३३ हजार कामगार नुकसानभरपाईविना रस्त्यावर आले. मात्र ते मुकाट्याने घरी गेले नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, गुंतवणूकदारांच्या दारात जाऊन जाब विचारला. अखेर केकेआर व बेन यांना २ कोटी डॉलरांचा साहाय्यनिधी उभारावा लागला. माणशी पाहता ही रक्कम तुटपुंजीच. पण ती दयेने मिळाली नाही, संघटनेने मिळाली. पुढे २०२० मध्ये न्यू जर्सी राज्याने सामूहिक कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचे वेतन देण्याची सक्ती करणारा कायदा केला. तो २०२३ मध्ये अमलात आला.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून द्यावे काय? लंडनची १७६० सालची हॅम्लेज ही खेळण्यांची पेढी २०१९ मध्ये मुंबईच्या रिलायन्सने विकत घेतली. तेव्हा हा बाजार आता आपल्या अंगणातला आहे. आणि गिरणगावाला तर हा खेळ कोणी शिकवावयास नको. तेथे गिरण्या बंद पडल्या, जमिनींना सोन्याचा भाव आला, मॉल उभे राहिले आणि कामगार देण्यांसाठी व घरांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिला. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यांना तारणधारक सावकारांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. बरोबरीचे, अग्रक्रमाचे नव्हे! ज्याने तारण घेऊन पैसा दिला आणि ज्याने आपले आयुष्य दिले, ते एका रांगेत कसे?

कामगाराचे देणे प्रथम, सावकाराचे नंतर, ही आमची मागणी आहे. विकत घेतलेल्या उद्योगावरच खरेदीचे कर्ज लादण्यास बंदी, ही तिची दुसरी बाजू. दुकाने पुन्हा उघडतील, नावे पुन्हा विकली जातील. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हक्क मात्र कोणी आपणहून उघडून देणार नाही. तो त्यालाच झगडून मिळवावा लागेल.