अनुदानाच्या याद्या चावडीवर वाचाव्यात

अतिवृष्टीचे अनुदान हे दान नव्हे. ज्याचे पीक बुडाले त्याला पुढील पेरणीसाठी मिळणारा तो आधार होय. म्हणूनच जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत २०२५ साली जे उघडकीस आले, ते हिशेबाची चूक म्हणून सोडून देता येत नाही. २०२२ ते २०२४ या काळातील याद्यांत जमीन नसलेल्यांची नावे, वाढवलेले क्षेत्र व दुबार नोंदी चौकशीत आढळल्या आणि अनेक तलाठ्यांना निलंबित करण्यात आले.

नियम अपुरे नव्हते. नुकसान किमान ३३ टक्के असावे, पंचनामा तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी मिळून करावा, रक्कम थेट बँक खात्यात जावी, हे सारे ठरलेले होते. परंतु यंत्र खाते कोणाचे एवढेच पाहते. शेतात कपाशी उभी होती की रान पडीक होते, हे त्याला कसे कळावे? ते शेजाऱ्याला कळते. ज्याचा बांध बांधाला लागून आहे, त्याच्यापासून क्षेत्र लपत नाही.

सातबाऱ्याचे चावडी वाचन महाराष्ट्राला नवे नाही. अनुदानाची यादीही गट क्रमांक, क्षेत्र व रक्कम यांसह, तहसिलीत जाण्यापूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. थोडी भांडणे होतील; होऊ द्यावीत. वारसनोंद रखडल्यामुळे एखाद्या विधवेचे नाव यादीत आलेच नाही, हेही त्याच वेळी ध्यानात येईल, आणि तिचा अर्ज ग्रामसेवकाने त्याच दिवशी लिहून घ्यावा.