निर्यातीला कसोटी, लेकरांना विष!

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्हा आमच्या विदर्भाच्या शिवेला लागून आहे. २०२५ च्या सप्टेंबरात त्या जिल्ह्यातील परासिया भागातली, साध्या सर्दी-तापाने आजारी पडलेली लेकरे एकामागून एक नागपूरच्या इस्पितळांत आणली गेली, तेव्हा त्यांची लघवी बंद पडली होती, मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि डायलिसिसच्या यंत्रालाही त्यांतल्या अनेकांना माघारी आणता आले नाही. वीसहून अधिक बालके दगावली. बहुतेक पाच वर्षांखालची. पडशाने कोणाची मूत्रपिंडे बंद पडत नाहीत. ती बंद पाडली 'कोल्ड्रिफ' नावाच्या खोकल्याच्या औषधाने. कांचीपुरम जिल्ह्यातील स्रेसन कंपनीच्या कारखान्यात तयार झालेल्या या औषधात तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ निम्मी बाटली विषाची होती!

आणि आमचे मायबाप सरकार काय करीत होते? मुले मरत असताना, ३ ऑक्टोबर रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासलेल्या नमुन्यांत हे विष आढळले नसल्याचे जाहीर केले; आणि दुसऱ्याच दिवशी त्याच मंत्रालयाला तामिळनाडूचा अहवाल देशापुढे ठेवावा लागला. मग धावाधाव सुरू झाली. महाराष्ट्रासह राज्याराज्यांनी औषध थांबवण्याचे आदेश काढले, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली, कंपनीच्या मालकाला अटक झाली, काही निरीक्षक निलंबित झाले, आणि २०११ पासून परवाना मिरवणाऱ्या त्या कारखान्यात साडेतीनशेहून अधिक दोष असल्याचा साक्षात्कार अधिकाऱ्यांना झाला. साडेतीनशे दोष एका रात्रीत उगवत नाहीत. ते दिसू नयेत म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षे डोळे मिटून बसावे लागते.

हे विष बाटलीत शिरते कसे, यात गूढ काही नाही. पातळ औषधात द्रावक म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. औषधी दर्जाचे महाग, कारखानी दर्जाचे स्वस्त. आणि स्वस्तात हे विष असू शकते. ते रंगहीन आहे, चवीला गोड आहे, जिभेला कळत नाही. परंतु प्रयोगशाळेला हमखास कळते. कच्च्या मालाचा प्रत्येक साठा वापरण्यापूर्वी तपासलाच पाहिजे, असे आमचा कायदाच सांगतो. ज्याने तपासले नाही त्याने तपासणीचे पैसे वाचवले, आणि ज्याने ते तपासायला लावले नाही त्याने स्वतःचे कष्ट वाचवले. वाचली नाहीत ती फक्त मुले.

अज्ञानाची सबब येथे चालणार नाही. १९३७ मध्ये याच विषाने अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे मारली, आणि पुढल्याच वर्षी त्या देशाने नवा, कडक औषध कायदा केला. आम्ही काय केले? १९७३ मध्ये मद्रासला मुले मेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनने १४ रुग्ण मेले. १९९८ मध्ये गुडगावला ३३ मुले मेली. २०२० च्या सुरुवातीला जम्मूतल्या रामनगरला पुन्हा मुलेच मेली. जे. जे. प्रकरणी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंतची सारी सडकी साखळी उघडी पाडली होती. ज्या महाराष्ट्राने तो अहवाल पाहिला, त्याच्याच उपराजधानीत चाळीस वर्षांनी त्याच विषाने पोरे मरावीत, हा दैवाचा खेळ नव्हे. हा फायलींवर साचवलेल्या धुळीचा पराक्रम आहे.

पण या साऱ्या निर्लज्जपणावर कळस चढवणारी गोष्ट पुढेच आहे. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुले हरयाणात बनलेल्या औषधांपायी गेल्याचे जगाने म्हटले, तेव्हा आमच्या औषध महानियंत्रकांनी 'आमचे नमुने निर्दोष आहेत' असे कळवून जागतिक आरोग्य संघटनेलाच घाईचा दोष दिला. उझबेकिस्तानने मात्र अशाच भारतीय औषधापायी मेलेल्या आपल्या मुलांसाठी खटला चालवून २०२४ मध्ये गुन्हेगारांना तुरुंगात धाडले. त्याआधीच जगात नाचक्की होऊ लागली, व्यापार बुडण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा कुठे आमच्या राज्यकर्त्यांना जाग आली, आणि १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधाला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. निर्यात होणाऱ्या! परासियाच्या मजुराच्या पोराला पाजायच्या बाटलीला तो दाखला लागत नव्हता. परदेशी गिऱ्हाईक रुसले तर डॉलर जातात. छिंदवाड्याची आई रडली तर सरकारचे काय जाते? चुलीवरचे दूध पाहुण्याला गाळून द्यावे आणि पाल पडलेले घरच्या लेकराच्या तोंडाला लावावे, असा हा राजधर्म!

त्याच २०२३ साली या सरकारने 'जनविश्वास' असे मंगल नाव दिलेला कायदा करून, कमी दर्जाच्या औषधांच्या काही गुन्ह्यांत पैसे भरून तडजोड करण्याची वाट मोकळी केली. जनतेच्या नावाने व्यापाऱ्यावर विश्वास! त्याच वर्षाच्या डिसेंबरात, क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेशही निघाला. कोल्ड्रिफमध्ये हीच द्रव्ये होती, आणि ते पाजले गेले याच वयाच्या लेकरांना. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, हे सरकारने ठणकावून सांगितले ते केव्हा? प्रेते मोजून झाल्यावर. लहान मुलांचा बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. म्हणजे ज्या औषधाची गरजच नव्हती, त्या औषधापायी ही पोरे मारली गेली.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. परदेशी बाटलीला जी कसोटी, तीच देशी बाटलीला लावा. बाजारात येणाऱ्या प्रत्येक साठ्याचा अहवाल लोकांसमोर ठेवा. आणि परवान्यावर डोळे मिटून सही करणाऱ्या अधिकाऱ्यास निलंबनाच्या पगारी सुट्टीवर न धाडता कारखानदाराच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा. हे करण्यास कायदा अपुरा नाही, विज्ञान अपुरे नाही, प्रयोगशाळाही अपुऱ्या असतील तर त्या उभारता येतात. अपुरी आहे ती लाज. ज्या सरकारला परक्याच्या लेकराची धास्ती आणि स्वतःच्या लेकराची बेफिकिरी, ते या मृत्यूंचे साक्षीदार नव्हे, आरोपी आहे.