खाडीकाठची बातमी कोणाची?

मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे पूर्णगड वसले आहे. वर किल्ला, खाली खाडी आणि मच्छीमारांच्या होड्या. अशा गावांची मोठ्या वृत्तपत्रांना आठवण होते ती पर्यटनाच्या पुरवणीत, नाही तर वादळाचा इशारा देताना. पर्ससीन जाळी आणि एलईडीच्या झोतातील मासेमारी यांमुळे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील लहान मच्छीमाराच्या पदरात काय उरते, हा प्रश्न क्वचितच पहिल्या पानावर येतो. आता घरोघरी मोबाइल आला आहे आणि बातमी लोकांच्या हाती आली, असे उत्साहाने सांगितले जाते. हा उत्साह तपासून पाहिला पाहिजे.

पत्रकार पी. साईनाथ यांची कारकीर्द या संदर्भात उद्बोधक आहे. १९८० साली वृत्तसंस्थेत उमेदवारी, पुढे मुंबईच्या ‘ब्लिट्झ’मध्ये वरिष्ठ पद, आणि १९९३ नंतर ते सोडून देशातील अतिगरीब जिल्ह्यांची पायपीट. १९९६ साली निघालेला त्यांचा ग्रंथ त्या पायपिटीचे फळ होय. विदर्भातील कापूस उत्पादक आत्महत्या करीत असताना मुंबईतील फॅशन सप्ताहाला ५१२ पत्रकार हजर होते, याकडे त्यांनीच वारंवार लक्ष वेधले. २०१४ साली ‘द हिंदू’ सोडल्यावर त्यांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हे संकेतस्थळ सुरू केले. शेतमजूर, विणकर, कोळी यांचे जीवन शब्द, छायाचित्र, ध्वनी आणि चित्रफीत यांतून तेथे नोंदले जाते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते विनामूल्य वाचता येते. यात नवे तंत्र आहेच. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो हेतू. गावात जाऊन राहण्याचा, ऐकण्याचा जुना धर्म टिकवण्यासाठी तेथे तंत्र राबवले गेले. तंत्र तेच असले तरी ते जाहिरातदाराच्या हाती पडले की चटकदार मथळ्यांचा बाजार भरतो.

मात्र अशा एका उपक्रमाने रोजची बातमी भागत नाही. ती देतो तालुक्याचा वार्ताहर, आणि त्याची किंमतही तोच मोजतो. राजापूरचे शशिकांत वारिशे रिफायनरीविषयी सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच गृहस्थाला अटक झाली आणि पुढे खुनाचे कलम लावले गेले.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली कायदा संमत केला होता. हल्लेखोरास ३ वर्षांपर्यंत कारावासाची त्यात तरतूद आहे. पण पत्रकार कोण? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेच्या नोकरीत वा कंत्राटावर आहे तो, असे कायदा म्हणतो. आता कोकणातील वार्ताहर पाहा. दुकान सांभाळून, बागेत राबून, मिळेल त्या तुटपुंज्या मानधनावर तो बातमी पाठवतो. एखादा तरुण तर कोणत्याही संस्थेविना, केवळ मोबाइलवर गावचे प्रश्न मांडतो. कायद्याची व्याख्या या दोघांना बाहेर ठेवते. सर्वांत उघड्यावर असलेला माणूसच छत्राबाहेर राहावा, हा कुठला न्याय?

आमचे म्हणणे साधे आहे. या कायद्याची व्याख्या नोकरीपत्रावर नव्हे, कामावर आधारावी. जो नियमितपणे लोकहिताची बातमी देतो, त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. ज्या संस्था त्याच्या बातमीवर आपली पाने व पडदे भरतात, त्यांनी त्याला रीतसर मोबदला द्यावा. आणि वाचकांनीही विचार करावा: आपली बातमी देणाऱ्याला आपण पोसणार नसू, तर त्याला दुसरा कोणी तरी पोसेल, आणि बातमीही त्याचीच होईल.

१८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच कोकणातील पोंभुर्ल्याचे. छापखाना हे त्या काळचे नवेच तंत्र होते. त्यांनी ते लोकशिक्षणासाठी वापरले. आजचे तंत्र कोणासाठी वापरले जाते, याची कसोटी मुंबईतील कार्यालयांत लागणार नाही. ती लागेल पूर्णगडच्या धक्क्यावर, जेथे एखादा माणूस निर्भयपणे खरी बातमी लिहील आणि रात्री सुखरूप घरी पोहोचेल.